सौताडा ते कपिलधार: बालाघाटातली आमची रिले

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या सौताड्याच्या दरीत, रामेश्वराच्या देवळापुढं, पहाटे सव्वापाचला आम्ही सहा जण उभे होतो. कार्तिकी पौर्णिमेचा आदला दिवस. चंद्र कड्याआड गेलेला, धबधब्याची धार सुतासारखी बारीक. पहिला टप्पा वहिनींचा. बॅटनऐवजी आम्ही लाल गमछा घेतला होता, कारण खडकाळ वाटेवर हातात दांडी धरली की तोल जातो. गमछा मनगटाला गुंडाळला की दोन्ही हात मोकळे राहतात. वहिनींनी तो बांधला, देवाला हात जोडले आणि हेडलॅम्पच्या उजेडात पायऱ्या चढायला लागल्या. वर पोचेपर्यंत त्यांचा दिवा दिसत होता. मग फक्त पाण्याचा आवाज.

सौताडा, पाटोदा, मांजरसुंबा, कपिलधार. डांबरी रस्त्यानं हे अंतर कमी आहे. आम्ही माळरान, पांदण आणि पायवाटा धरून गेलो, तर घड्याळात 58 किलोमीटर भरले. सहा धावणारे, बारा टप्पे, प्रत्येकाला दोन. एकूण वेळ 8 तास 20 मिनिटं. यातली चाळीस मिनिटं कुठं गेली ते पुढं सांगतो, कारण तुम्ही जाणार असाल तर तेच सगळ्यात कामाचं आहे.

वाट निवडण्यामागं आमचा हट्ट होता. सौताड्याला कोसळणारी विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला, म्हणजे ते पाणी कृष्णेचं. पाटोद्याच्या शिवारात भेटणारी मांजरा मात्र गोदावरीकडं जाते. पायांखालचं पाणी बदलतं ती जागा धावत ओलांडायची, एवढीच इच्छा होती. प्रत्यक्षात तिथं ना खांब ना पाटी. बरड माळ, मुरूम, दोन बाभळी. मांजरा पुढं 724 किलोमीटरचा प्रवास करते, लातूरला पाणी पाजते. आमच्या मास्तरांनी तिथं ती चार ढांगांत ओलांडली. पलीकडं जाऊन ते थांबले, ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं. गुडघ्याची तक्रार असलेला माणूस त्यानंतर सहा किलोमीटर कुरकूर न करता पळाला.

टप्पे पाडताना अंतर बघू नका, चढ बघा. आम्ही आधी कागदावर सरळ पाच-पाच किलोमीटरचे तुकडे केले होते. महिनाभर आधी दोघं जण मोटारसायकलवर वाट बघून आलो आणि तो कागद फाडला. दरीतून वर यायचा टप्पा तीनच किलोमीटरचा ठेवला, सपाट माळावरचे सात-सात केले. उतार सोपा समजून नवख्याला देऊ नका. मुरमाच्या उतारावर पाय घसरतो, मांड्या भरून येतात आणि दुसऱ्या टप्प्याला पाय उचलत नाही. आमच्यातल्या सगळ्यात चपळ पोराची गत तशीच झाली. पहिल्या टप्प्यात उतारावर सुसाट सुटला; अकराच्या उन्हात पोटरीत गोळे आले, तेव्हा मी त्याचा दीड किलोमीटर अंगावर घेतला. रिलेत हे आधीच ठरलेलं असावं: कुणी थांबलं तर पुढचा मागं येईल, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही.

आता ती चाळीस मिनिटं. पाचवी बदली "मारुतीच्या देवळापाशी" ठरली होती. मराठवाड्यात मारुतीचं देऊळ नाही असं गाव सापडायचं नाही, आणि या गावात दोन निघाली, एक वेशीजवळ, एक वस्तीवर. धाकटा भाऊ वेशीवर पोचला, पुढचा गडी वस्तीवर उभा. मध्ये टेकाड, फोनला रेंज नाही. भाऊ घामानं निथळत पायरीवर बसून राहिला. शेवटी एका आजीनं विचारलं, "कुणाची वाट बघायलास रं लेकरा? तुझ्यावाणीच एक तिकडं उभा हाय." त्यांनीच नातवाला पळत पाठवलं.

तेव्हा बदलीची जागा पाण्याच्या टाकीखाली किंवा झेडपीच्या शाळेच्या फाटकापाशी ठेवा, तिचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा आणि नकाशा आधीच डाऊनलोड करून घ्या. जागेवर नेहमी दोघं असू द्या: एक धावणारा, एक पाणी सांभाळणारा. बाई एकटी उभी राहणार नाही, हा नियम वहिनींनीच घातला आणि तो बरोबर होता. थांबणाऱ्याचं काम धावणाऱ्याइतकंच मोठं. त्यानं दहा मिनिटं आधी अंग मोकळं करायचं, आणि येणारा लांब दिसला की पाणी हातात घेऊन उभं राहायचं.

गावात पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका. दसरा झाला की या भागातली माणसं कोयते आणि बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला निघतात. वस्तीवस्तीवर कुलपं दिसली, ओट्यावर म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. जे घरी होते त्यांनी तांब्याभर पाणी दिलंच, पण त्यांनी ते लांबून आणलेलं असतं हे ध्यानात ठेवा. आम्ही मावसभावाच्या पिकअपमध्ये वीस लिटरचे तीन जार घेतले आणि पुरले. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवा, कमी पाण्यात घट्ट करू नका. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खायला धपाटे, गूळ-शेंगदाणे. वाटेत सीताफळंही विकत घेतली. बीडच्या सीताफळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि बालाघाटातलं पिकलेलं सीताफळ खाल्लं की ते का, हे कळतं. पण धावायच्या आधी ते खाऊ नका, पोट जड होतं.

बूट जाड तळव्याचे हवेत, बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार येतो. कुसळांसाठी पायमोज्यांवर गेटर, म्हणजे घोटा झाकणारं कापडी आवरण, घाला. माझ्याकडं नव्हते, दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक पावलाला घोट्याला सुया टोचत होत्या. धनगरांच्या कळपाजवळ पळू नका, चाला आणि मेंढक्याला हाक द्या, कुत्री तोच आवरतो. सापाची भीती खरी आहे. चावलाच तर कापाकापी नाही, आवळपट्टी नाही. पाय हलू न देता 108 ला फोन आणि सरळ बीडचं जिल्हा रुग्णालय. नायगावच्या मयूर अभयारण्यात आम्ही शिरलो नाही, बाहेरच्या रस्त्यानं गेलो. मोरांचा आवाज तिथूनही येतो, आणि आत जायचं तर वन खात्याची परवानगी लागते.

मांजरसुंब्याजवळ हायवे चालून ओलांडा, वाहनं थांबत नाहीत.

शेवटचा टप्पा माझा होता, आणि तो पळता आला नाही. पौर्णिमेला कपिलधारला वीरशैव संत मन्मथस्वामींची यात्रा असते. लांबलांबून दिंड्या चालत येतात. वाट माणसांनी भरलेली. टाळांचा आवाज, डोक्यावर बोचकी, अनवाणी पाय. शांत वाट हवी असेल तर हे दिवस टाळा. मी घड्याळ बंद केलं आणि चालायला लागलो. शेजारच्या काकांनी मनगटावरचा गमछा बघून विचारलं, "नवस हाय का?" म्हटलं, सौताड्याहून सहा जणांनी आणलाय. त्यांनी गमछ्याला हात लावून कपाळाला नेला.

पावणेदोनला मन्मथस्वामींच्या समाधीशी पोचलो. बाकीचे पाच जण आधीच येऊन बसले होते, मोज्यांतली कुसळं काढत. वहिनींनी गमछा सोडून घेतला, तिथल्या धबधब्याच्या धारेखाली पिळला आणि पिकअपच्या आरशाला वाळत घातला. परतीला दोन तास धरा, यात्रेच्या गर्दीत गाडी बाहेर काढायलाच तासभर जातो.