डेबियन 13: ‘जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची?’

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती 12 वरून 13 वर जाताना पॅकेजेस (प्रोग्रॅमचे गठ्ठे) उतरवून बसवण्याचे काम सुरळीत पार पडले; त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. माझा राग आहे तो मध्येच पडद्यावर उभ्या राहणाऱ्या प्रश्नावर: तुम्ही बदल केलेली कॉन्फिगरेशन फाइल (प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची फाइल) ठेवायची की पॅकेजसोबत आलेली नवी घ्यायची? काहीच न निवडता एंटर दाबले तर आपली जुनी फाइल राहते, आणि तोच सुरक्षित मार्ग असे जाणकारही सांगतात. बहुतेक फायलींच्या बाबतीत ते खरेही आहे. आमच्या लहानशा कार्यालयाच्या मेल सर्व्हरवर मात्र डोव्हकॉट, म्हणजे साठवलेली मेल वापरकर्त्यांपर्यंत पोचवणारे सॉफ्टवेअर, होते, आणि तिथे हा सल्ला लागू पडत नाही.

डेबियन 13 मध्ये डोव्हकॉट 2.4 येते आणि त्याला 2.3 चे कॉन्फिगरेशन चालत नाही. कॉन्फिगरेशनची आवृत्ती सांगणारी ओळ सर्वांत आधी नसेल, तर सेवा सुरूच होत नाही. ‘मेल_लोकेशन’ या एका ओळीच्या जागी ‘मेल_ड्रायव्हर’ आणि ‘मेल_पाथ’ अशा दोन ओळी लागतात. सुरक्षित जोडणीसाठी लागणारे एसएसएल प्रमाणपत्र आणि त्याची किल्ली कुठे आहे हे सांगणाऱ्या ओळींची नावे बदलली आहेत. वापरकर्त्याच्या नावासाठी टक्क्याच्या चिन्हापुढे एकच अक्षर लिहिण्याची सोय जाऊन महिरपी कंसात पूर्ण शब्द लिहावा लागतो. प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रॅमला यातले काहीच ठाऊक नसते. फाइलीत कोणीतरी हात घातला आहे, एवढेच त्याला कळते, आणि जुनी फाइल नव्या आवृत्तीवर चालेल की नाही, हा खरा प्रश्न तो विचारतच नाही. दोन्ही फायलींतला फरक पाहण्याची सोय आहे. पण सगळीच रचना बदललेली असताना, अर्धा सर्व्हर नवा आणि अर्धा जुना अशा अवस्थेत, तो फरक वाचून निर्णय घ्यावा ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

जुनी फाइल ओळीओळीने दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. नवी फाइल कोरी घ्यावी आणि आपल्या मोजक्या सेटिंग्ज नव्या नावांनी तिच्यात लिहाव्यात. त्यासाठी अपग्रेडच्या आधीच, जुन्या आवृत्तीवर, ‘डोव्हकॉन्फ -एन’ ही आज्ञा चालवून त्याचे उत्तर जपून ठेवावे, कारण त्यात आपण बदललेल्या सेटिंग्जच तेवढ्या दिसतात. मेल पुन्हा वाहू लागली तेव्हा मला जो आनंद झाला, त्याचे श्रेय या यादीला आहे.

ज्या फायलींबद्दल प्रश्नच विचारला जात नाही, त्या अधिक फसव्या. ‘/ईटीसी’ या सेटिंग्जच्या फोल्डरमधली, कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) सेटिंग्ज ठेवणारी ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’ ही फाइल डेबियन 13 मध्ये मशीन सुरू होताना वाचली जात नाही. त्यातल्या ओळी ‘सिसकंट्रोल.डी’ या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाच्या फाइलीत हलवाव्या लागतात. त्रुटीचा संदेश येत नाही, सेटिंग मुकाट्याने गळून पडते.

सर्व आटोपल्यावर ‘/ईटीसी’मध्ये ‘डीपीकेजी-डिस्ट’, ‘डीपीकेजी-ओल्ड’ आणि ‘यूसीएफ-डिस्ट’ अशी शेपटे असलेल्या फायली शोधाव्यात. डिस्ट म्हणजे आपण नाकारलेली नवी फाइल, ओल्ड म्हणजे बाजूला पडलेली आपली जुनी. आणि हे खरे तर आधीच सांगायला हवे होते: ‘ईटीसीकीपर’ हा प्रोग्रॅम अपग्रेडपूर्वी बसवलेला असला, तर ‘/ईटीसी’तील बदल गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, नोंदलेले राहतात. दूरच्या मशीनवर काम असेल तर ते टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) करावे, म्हणजे जोडणी तुटली तरी तो प्रश्न आपल्या उत्तराची वाट पाहत तिथेच थांबतो.