न घेतलेल्या बेकारी भत्त्याचा हिशोब

2021 च्या जानेवारीत अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन इथल्या आमच्या घरी एक पाकीट आलं. आत 1099-जी. बेकारी भत्ता मिळाला की त्यावर कर भरायला राज्य सरकार हा फॉर्म पाठवतं. पहिल्याच चौकटीत आकडा होता 11,480 डॉलर. नाव माझं, पत्ता माझा, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडेही माझेच. आणि मी 2020 चं अख्खं वर्ष फार्मसीच्या काउंटरवर मास्क लावून उभी होते! पैसे दिलेल्या राज्यात तर मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही.

"अगं, त्यांची चूक असेल," हे म्हणाले. पण आमचा सिटिझनशिपचा अर्ज चालू होता. सरकारी पैसा लाटल्याचा शेरा नावावर राहिला तर? त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या राज्याच्या बेकारी खात्याचा फोन लागायला नऊ दिवस गेले. रोज सकाळी आठच्या ठोक्याला नंबर फिरवायचा आणि तासभर तीच धून ऐकायची. दरम्यान फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर ओळखचोरीचा रिपोर्ट भरला, तो घेऊन पोलिसांकडे गेले. माझ्या नावावर कुणी नवं कर्ज काढू नये म्हणून, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ केलं, त्याला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या कुणी माझ्या नावाने रिटर्न भरू नये म्हणून आयआरएसचा, म्हणजे केंद्रीय कर खात्याचा, सहा आकडी आयपी पिनही घेतला. तो त्याच वर्षी सगळ्यांसाठी खुला झाला होता.

खरी धाकधूक रिटर्नची. दुरुस्त फॉर्म आला नसला तरी प्रत्यक्ष मिळालेलंच उत्पन्न दाखवा, असं आयआरएसने स्पष्ट सांगितलं होतं. तरी तो आकडा वगळून सही करताना हात थरथरत होता. दुरुस्त फॉर्म जूनमध्ये आला. चौकटीत शून्य. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

महामारीत मदत म्हणून केलेल्या मार्च 2020 च्या केअर्स कायद्याने स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही भत्ता मिळाला, वर आठवड्याला 600 डॉलर. पैसे लवकर पोचावेत म्हणून या नव्या योजनेत सुरुवातीला अर्जदाराच्या शब्दावरच भागलं. गरज खरी होती. सलून बंद पडलेल्या माझ्या शेजारणीची चूल त्यावरच पेटली. चोरांनीही तीच वाट धरली. महामारीतल्या भत्त्यांतली फसवणूक 100 ते 135 अब्ज डॉलरची असावी, असा सरकारी लेखापरीक्षण संस्थेचा, जीएओचा, अंदाज आहे.

अशा गुन्ह्यात खटला भरायची मुदत पाच वर्षांची. महामारीत धंद्यांना दिलेल्या सरकारी मदतीच्या पीपीपी कर्जांसाठी ती 2022 मध्येच दहा वर्षं झाली. भत्त्यासाठी तसंच करणारं विधेयक संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, हाउसने, 11 मार्च 2025 ला मंजूर केलं, पण 27 मार्चला केअर्स कायद्याला पाच वर्षं झाली तेव्हा त्याचा कायदा झालेला नव्हता. मुदत वाढायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. मात्र खात्याच्या चुकीने ज्यांच्या हाती जास्त पैसे पडले आणि घरभाड्यात संपले, त्यांना चोरांच्या रांगेत उभं करू नये. माझ्या शेजारणीला अशीच वसुलीची नोटीस आली होती. ती माफ होईपर्यंत बिचारी धड जेवत नव्हती.

"पैसे कुठल्या बँकेत गेले?" असं मी फोनवरच्या बाईंना विचारलं होतं. "ते तपासात आहे," त्या म्हणाल्या. माझ्या नावाचा क्लेम जून 2020 चा. जून 2025 उलटून गेला, पण त्या तपासाबद्दल मला एकही पत्र आलेलं नाही.