तुम्ही विचारलंत म्हणून: लुई नेएलच का?

कोल्हापुरात पदार्थविज्ञान शिकवताना हा प्रश्न मला मुलांकडूनही येतो आणि त्यांच्या पालकांकडूनही. "मॅडम, सांगायला रामन आहेत, भाभा आहेत, मग सारखं त्या लुई नेएलचं नाव का घेता?" माझं उत्तर पन्हाळ्याच्या दगडात आहे. पण आधी माणूस कोण ते सांगते.

नेएल १९०४ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात जन्मले आणि स्ट्रासबुर्गला पिएर वाइस यांच्या हाताखाली संशोधक झाले. लोखंडातले अणुचुंबक, म्हणजे इवल्याशा चुंबकासारखे वागणारे अणू, एकाच दिशेला का वळतात, याचं उत्तर वाइस यांनी दिलं होतं. नेएल त्याच्या उलट बाजूने गेले. १९३०च्या दशकात त्यांनी मांडलं की काही पदार्थांत शेजारचे अणुचुंबक एकमेकांच्या विरुद्ध उभे असतात. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असाव्यात तसं. आत सगळी शिस्त, बाहेर मात्र शून्य. याला पुढे अँटिफेरोमॅग्नेटिझम म्हणू लागले. १९४९ मध्ये शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून ही रचना दाखवून दिली. १९४८ मध्ये नेएल यांनीच फेराइटचं, म्हणजे लोहाच्या चुंबकी ऑक्साइडांचं, कोडंही सोडवलं: तिथेही दोन बाजू विरुद्धच, पण ताकद असमान, म्हणून चुंबकत्व शिल्लक राहतं. आपल्या शिवाजी विद्यापीठात फेराइटवर काम करणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात इथून होते.

दुसऱ्या महायुद्धात जहाजाच्या चुंबकत्वाने फुटणाऱ्या जर्मन सुरुंगांपासून फ्रेंच जहाजं वाचवायची पद्धतही त्यांचीच: जहाजाला पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध चुंबकत्व द्यायचं. युद्धानंतर ते पॅरिसला गेले नाहीत. आल्प्सच्या कुशीतल्या ग्रनोबलला राहिले आणि त्या गावाला विज्ञानाचं मोठं केंद्र केलं. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही असं मानणाऱ्या आमच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. १९७० चं नोबेल त्यांना तिथेच असताना मिळालं, हानेस आल्फवेन यांच्यासोबत.

आता दगड. १९४९ मध्ये नेएल यांनी बारीक चुंबकी कणांचा सिद्धांत लिहिला, आणि तो लावून दाखवला भाजलेल्या मातीला! पंचगंगेकाठच्या भट्टीतल्या विटेलाही तो तसाच लागू पडतो. कण तापलेला असतो तेव्हा उष्णतेच्या धक्क्यांनी त्याची चुंबकी दिशा सतत उलटसुलट होते. निवता निवता एका तापमानाला ती अडकते, आणि त्या क्षणी पृथ्वीचं क्षेत्र जिकडे असेल तिकडची दिशा कणात राहून जाते. किती काळ? ते कणाच्या आकारावर ठरतं, आणि इथे मी दर वर्षी फळ्यापाशी थांबते. व्यास थोडासा वाढला की टिकण्याचा काळ सेकंदांवरून कोट्यवधी वर्षांवर जातो, कारण आकारमान घातांकात बसलेलं आहे. एवढं छोटं सूत्र, आणि त्यात भूगर्भाचा इतिहास मावतो.

पन्हाळ्याचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दख्खनच्या बेसाल्टमधल्या एका थरसमूहाला भूशास्त्रज्ञांनी 'पन्हाळा' हेच नाव दिलंय. या लाव्हातल्या मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाच्या कणांनी निवताना जी दिशा धरली, ती अजून मोजता येते. मोजली तेव्हा कळलं की लाव्हा वाहिला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. महाबळेश्वरच्या बाजूला घाट चढत नमुने घेतले, तर खालच्या थरांत दिशा उलटी मिळते आणि वरच्या थरांत सुलटी. म्हणजे लाव्हाचे थर साचत असतानाच पृथ्वीचे चुंबकी ध्रुव पालटले. इतक्या जुन्या दिशेवर विश्वास का ठेवायचा, याचं भौतिक कारण नेएल यांच्या त्या सूत्रात आहे.