बाबा, पूल आणि अर्धा मैल

आज पहिल्यांदाच गाडी न काढता बाबांना इथली, अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडमधली, लाइट रेल (मेट्रोसारखी गाडी) दाखवायला नेलं. डाउनटाउन रेडमंड स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आमचं ‘एकदा चालत जाऊ’ चाललंच होतं.

अंतर जेमतेम अर्धा मैल, पण फुटपाथ मधेच एका कुंपणापाशी गडप! पुढे चिखलातून. मोठ्या चौकात बटण दाबून ताटकळलो. बाबा निम्म्या रस्त्यात पोचले तोवर आकडे उलटे मोजायला सुरुवात. हे सिग्नल धावपटूंसाठी लावतात बहुतेक.

स्टेशनपाशी मात्र थाट. जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकल ट्रेल बाजूनेच जातो, डब्यात सायकल टांगायला हूकसुद्धा. रेडमंड टेक्नॉलॉजी स्टेशनला उतरून ५२० हायवेवरच्या पुलावर गेलो. खाली गाड्यांचा पूर, बाबा कठड्याला रेलून बघत राहिले. “एवढा मोठा पूल, आणि फक्त चालणाऱ्यांना नि सायकलवाल्यांना?”

पुण्यात तीस वर्षं सायकलवर नोकरी केलेला माणूस. आता वनाझ मेट्रोला रिक्षाने जातो, कारण फुटपाथवर दुचाकी.

घरी आल्यावर चहाआधी गॅरेजमध्ये. “तुझ्या सायकलचा पंप कुठाय रे?”