सोलापूरच्या उन्हात डिझेल गाडीला कोणतं ऑइल? माझा अनुभव

गाडीची वॉरंटी संपली आणि पुढची सर्व्हिसिंग होटगी रोडवरच्या चाचांकडे करायचं ठरलं. आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या वडिलांच्या काळापासून त्यांच्याच हातच्या. पण ही गाडी त्या सगळ्यांपेक्षा वेगळी होती. २०२१ ची, बीएस-६, दीड लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आणि एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. आतापर्यंत सर्व्हिस सेंटरच्या बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ एवढंच छापून यायचं. आता ते मलाच विकत आणायचं होतं, त्यामुळे नीट समजून घेणं भाग होतं.

चाचांचा सल्ला सरळ होता. “बेटा, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. पातळ ऑइल या उन्हात टिकत नाही. २०डब्ल्यू-५० घाल, नाहीतर निदान १५डब्ल्यू-४० तरी.” त्यांनी चाळीस वर्षं इंजिनं उघडलीत, त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. जुन्या इंजिनांत बेअरिंगच्या फटी मोठ्या असायच्या, झीज झालेली असायची. तिथे जाड ऑइलच उपयोगी पडायचं. पण माझ्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं होतं आणि त्यापुढे ‘एसीईए सी२ किंवा सी३’, म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेला ऑइलचा दर्जा. तापमानाचा तक्ताही होता, त्यात ५डब्ल्यू-३० ची पट्टी ४० अंशांच्याही पुढे गेलेली.

मग उन्हाचं काय? इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. बाहेर डिसेंबरची पहाट असो की मे महिन्यातली दुपार, कूलिंग धड असेल तर आतल्या ऑइलच्या तापमानात फार फरक पडत नाही. म्हणूनच ऑइलचा दुसरा आकडा १०० अंशांवर मोजलेल्या जाडीवरून ठरतो. ३० म्हणजे त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडीचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. माझ्या इंजिनाचा ऑइल पंप, टर्बोच्या बेअरिंगच्या फटी, पिस्टनवर ऑइल मारणारे जेट हे सगळं ३० धरून आखलेलं. तिथे ५० घातलं तर ते जवळजवळ दीड-दोनपट जाड होतं.

पहिला आकडा थंडीतला. ५डब्ल्यू ची परीक्षा उणे ३० अंशांवर होते. सोलापुरात उणे ३० कधीच येणार नाही, मग ५ कशाला, असं मलाही कुणीतरी विचारलं. तर सकाळी इंजिन चालू होतं तेव्हा ऑइल २५-३० अंशांवर असतं आणि १०० अंशांच्या मानाने कितीतरी पट जाड असतं. ते टर्बोपर्यंत लवकर पोचायला हवं. म्हणून तोही आकडा आपल्याकडे कामाचाच आहे.

हे सगळं चाचांपुढे पुस्तक उघडून ठेवलं. त्यांनी चष्मा लावून तो तक्ता पाहिला आणि म्हणाले, “लिहिलंय ना, मग तेच घालू.”

खरी गाठ पडली ती दुकानात. स्पेअर पार्टच्या दुकानातल्या अण्णांनी काउंटरवर दोन कॅन ठेवले. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘फुल्ली सिंथेटिक’, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०. एक स्वस्त, एक महाग. “दोन्ही सारखीच आहेत हो, कंपनीच्या नावाचे पैसे,” असं शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले. मी दोन्ही कॅन फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. स्वस्त कॅनवर एपीआय एसएन (एपीआय ही अमेरिकन संस्थेची श्रेणी) होतं आणि एसीईए ए५/बी५. महागावर एसीईए सी३.

माझ्या गाडीसाठी हा फरक आकड्यांपेक्षा मोठा आहे. ऑइलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवायला आणि झीज रोखायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची संयुगं मिसळलेली असतात. थोडं ऑइल सिलिंडरमध्ये जळतंच. चुलीत लाकूड जळून गेलं तरी राख मागे उरते, तसं या धातूंचं होतं. डीपीएफ काजळी अडवतो आणि मधूनमधून साधारण ६०० अंशांवर ती जाळून टाकतो. काजळी जाते, राख जात नाही. ती साचत साचत फिल्टर भरतो आणि त्या फिल्टरची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. सी३ मध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंतच ठेवायचं बंधन आहे. स्वस्त कॅनवरच्या ए५/बी५ प्रकारात ते १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून तो महागाचा कॅन घेतला आणि पैसे देताना मनात जराही किंतु आला नाही.

‘सिंथेटिक’ या शब्दाबद्दलही सांगायला हवं, कारण त्यावर फार भर दिला जातो. आज बाजारातली बहुतेक ‘फुल्ली सिंथेटिक’ ऑइलं ग्रुप ३ ची, म्हणजे कच्च्या तेलातूनच हायड्रोजनच्या प्रक्रियेने खूप शुद्ध केलेली असतात. १९९९ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांचा यावरून वाद झाला होता आणि ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणता येईल असा निर्णय झाला. पीएओ म्हणजे ग्रुप ४ चं ऑइल रसायनं जोडून बनवलेलं असतं आणि ते महाग असतं. माझ्या मते आपल्यासारख्या रोजच्या वापराला ग्रुप ३ उत्तम चालतं. सी२-सी३ सारख्या कसोट्या पार केलेलं असणं महत्त्वाचं, मूळ तेल कोणतं हा नंतरचा प्रश्न. माझ्या मेहुण्याची टर्बो पेट्रोल गाडी आहे, त्याला मी एपीआय एसपी बघून घ्यायला सांगितलं. २०२० साली आलेल्या या श्रेणीत कमी आरपीएमवर जोर दिल्यावर पेट्रोल वेळेआधीच पेटून पिस्टनला धक्का बसण्यावर खास चाचणी आहे. त्याच्या इंजिनाला तो धोका आहे, माझ्या डिझेलला नाही.

नकली ऑइलची भीती होती. रिकामे ब्रँडेड कॅन गोळा करून पुन्हा भरले जातात हे गॅरेजवाले स्वतःच सांगतात. म्हणून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घेऊन घेतलं. झाकणाची सीलची कडी, बॅच नंबर, तारीख पाहिली. गॅरेजवर सील माझ्यासमोर तोडायला सांगितलं आणि काम झाल्यावर रिकाम्या कॅनला चाचांच्याच पोराने स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडली.

बदली करताना गाडी थोडी गरम ठेवली, म्हणजे जुनं ऑइल पूर्ण निथळतं. चेंबरच्या बोल्टचा तांब्याचा वायसर नवा टाकला, फिल्टर नवा टाकला. नव्या फिल्टरच्या रबरला बोटाने ऑइल लावलं. ऑइल एकदम सगळं न ओतता थोडं कमी भरलं, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून बंद केलं, गाडी सपाट जागी थोडा वेळ उभी ठेवली आणि मग डिपस्टिक पाहून पातळी पुरी केली. डिझेलचं नवं ऑइल पहिल्या चक्करीतच काळं दिसायला लागतं, त्याने घाबरू नये. ते काजळी धरून ठेवतंय, म्हणजे आपलं काम करतंय.

बदलीचं अंतर पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष आहे. त्याच पानावर खडतर वापराची यादी आहे. धूळ, कडक ऊन, छोट्या छोट्या चकरा. यातलं काय सोलापुरात नाही? मी ७,००० वर बदलायचं ठरवलंय.

एक गोष्ट मात्र मी सारखी तपासतो. सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत, तिथून पार्क चौकात, अशा गावातल्या चकरांत डीपीएफला काजळी जाळायला वेळच मिळत नाही. फिल्टर तापवायला इंजिन जादा डिझेल फवारतं, आणि अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात ते सिलिंडरच्या कडेने ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. मग ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. ती वरच्या खुणेच्या पुढे गेली तर किलोमीटर किती झाले हे न बघता ऑइल बदलायचं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी तुळजापूर रस्त्याला किंवा पुणे हायवेला काढतो, अर्धा तास एकसारख्या वेगात चालवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, डिपस्टिक पुसून पातळी बघतो.