मीटरचे आकडे

शनिवार, रात्री ११. तोरिनो, इटली.

नखांत अजून काळं ग्रीस आहे. साखर-लिंबू चोळून झालं, तरी जात नाही.

चिंक्वेचेंतो घेऊन तीन महिने झाले. १९६८ ची फियाट ५००, एफ मॉडेल. लांबीला तीन मीटरपेक्षा जराशी कमी, मागे हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं ४९९ सीसीचं इंजिन. आणि हे तिन्ही महिने वेगाच्या मीटरचा काटा शून्यावर झोपलेला. मी आवाजावरच चालवत होते. तिसऱ्याला कण्हायला लागली की चौथा टाकायचा. या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना वेग आपोआप जुळवणारी कडी, नाही; खालचा गिअर टाकताना दोनदा क्लच दाबून मध्ये रेस द्यावी लागते, त्यामुळे कान तसेही तयार ठेवावेच लागतात.

मीटर गेलाय हे मी धरूनच चालले होते. जुन्या सामानातला एक मागवायच्या बेतात होते. सकाळी बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "आकडे फिरतायत का गं?"

गाडी घेतली त्या दिवशीचा फोटो काढून बघितला. ४७,३१२. खाली जाऊन बघितलं. ४७,३१२.

"मग मीटरला हात लावू नकोस. वायर धर आणि मागे मागे जा."

इतकी साधी गोष्ट मला सुचू नये, आणि मी म्हणे इंजिनिअर. वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे एकाच केबलवर चालतात, पण मीटरच्या आत त्यांच्या वाटा वेगळ्या. आकडे दात्यांवर फिरतात. काट्याचं निराळं: केबल एक चुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही, नुसती ओढ लावतं, आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. त्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. दोन्ही एकदम बंद म्हणजे फिरवणारीच पोचत नाहीये.

बाबा केबलला वायरच म्हणतात, आणि पद्मिनीच्या वेळी "किलोमीटर बंद आहे" असंच म्हणायचे. इथेही तेच आहे. वेग दाखवणाऱ्या मीटरला सगळे 'कोंताकिलोमेत्री' म्हणतात, किलोमीटर मोजणारा. आमची पद्मिनी म्हणजे तरी काय, कुर्ल्यात बनलेली फियाट ११००च.

डॅशबोर्डखाली हात घालून मीटरमागचा खाचांचा नट सोडवला. केबलची आतली तार बोटभर दिसेल अशी ठेवली आणि शेजारच्या आजोबांना हाक मारली. गाडी न्यूट्रलला टाकून त्यांनी ढकलली, मी डॅशबोर्डखाली डोकं घालून तारेकडे बघत बसले. हलली नाही. पाच-सव्वापाच क्विंटलची गाडी आहे म्हणून बरं, आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत.

गिअरबॉक्स मागे, मीटर पुढे. त्यामुळे केबल दोन सीटांमधल्या बोगद्यातून सगळी गाडी ओलांडते. त्याच बोगद्यात चोकची केबल, स्टार्टरची केबल, क्लचची, शिवाय गिअरचा दांडा, आणि वरून इंजिनची गरम हवाही तिथूनच पुढे येते. अंधारात सगळ्या सारख्याच काळ्या. मी पुढचं टोक हलकेच ओढायचं आणि आजोबांनी मागून वाकून काय हलतं ते सांगायचं, असं ठरलं. "ही?" "नाही." "ही?" "ती क्लच, सोड!" असं पाऊण तास.

सापडली ती गाडीखाली, मागची बाजू स्टँडवर घेतल्यावर. तुटलेली नव्हती. गिअरबॉक्सवरून नट पूर्ण सोडवून केबल बाजूला घेतलेली, आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने दुसऱ्या केबलला नीट बांधलेली. पट्टीचं शेपूट कापूनसुद्धा टाकलेलं.

आजोबांनी बघितलं, खांदे उडवले. मीटरला आकडे पाचच आहेत, म्हणजे हे ४७ हजार की १ लाख ४७ हजार हे असंही कळायला मार्ग नाही. त्यात ही पट्टी, आकडे वाढू नयेत म्हणून मुद्दाम बांधलेली. मला गाडी विकणाऱ्याने केलं की त्याच्या आधीच्याने, देव जाणे. नट ढिला होऊन पडला असता तर इतका राग आला नसता.

आतली तार बाहेर ओढून फरशीवर आडवी ठेवली आणि एक टोक चिमटीत फिरवलं. पीळ पडलेली तार अशा वेळी उड्या मारते. ही शांतपणे गोल फिरली. जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं, ते रॉकेलने धुतलं, नवं अगदी पातळ लावलं. मीटरकडचं वीतभर टोक मात्र कोरडं ठेवलं, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये जातं. चौकोनी टोक खाचेत बसताना कळतं, आधी अडतं आणि मग केबल एकदम अर्धा सेंटिमीटर आत जाते. तेव्हाच नट आवळायचा. घाईत आवळला की टोक गोल होऊन बसतं.

संध्याकाळी पो नदी ओलांडून सुपेर्गाच्या टेकडीकडे गेले. काटा उठला. ५० दाखवत होता तेव्हा फोन ४६ म्हणत होता, ते चालायचंच. पहिल्या सिग्नलच्या आधीच शेवटचा २ सरकत सरकत ३ झाला, आणि मी मोठ्याने काहीतरी ओरडले. शेजारच्या गाडीतलं पोर बघत राहिलं.

पद्मिनीच्या कप्प्यात बाबांची वही असायची. तारीख, लिटर, किलोमीटर. केबल तुटली तेव्हा त्यांनी तो रकाना कोरा सोडला नाही, 'मी. बं.', म्हणजे मीटर बंद, असं लिहीत गेले, दीड वर्ष. गाडी विकली तेव्हा वहीसुद्धा घेणाऱ्याच्या हातात दिली. आईला ते अजून पटलेलं नाही, तिच्या मते पाच हजार तरी कमी आले.

मीही आज वही काढली. पहिल्या ओळीत 'मी. बं.', दुसरीत आजची तारीख आणि ४७,३३१.

साठच्या वर काटा थरथरतोय. डॅशबोर्डामागे केबलला वळण फार आखूड पडलं असणार. उद्या पुन्हा डॅशबोर्डखाली.