सोलापूर ते महाबळेश्वर-तापोळा: आधी उंची बघा, मग पाणी

एप्रिलच्या मध्यापासून सोलापुरात सकाळी दहालाच झळा सुरू होतात. मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की घरोघरी एकच विषय निघतो, ‘चला, कुठंतरी पाण्याकाठी जाऊ.’ मग उजनी धरण नाहीतर नळदुर्गचा किल्ला ठरतो. दोन्ही ठिकाणं बघण्यासारखी आहेत, पण मेमध्ये थंडाव्यासाठी तिकडं जाण्यात अर्थ नाही. उजनी तोवर बहुतेक वेळा मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेलेली असते, काठाची उघडी पडलेली जमीन तव्यासारखी तापते आणि सावलीला झाड सापडत नाही. नळदुर्गचे धबधबे पावसाळ्यातले. उन्हाळ्यात किल्ल्याचा काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते बाहेर टाकत राहतो. भोवतालची हवा कोरडी आणि तापलेली असली की तळ्याचा गारवा काठापासून जेमतेम काही पावलं पोचतो. हवा खरी थंड होते ती उंचीमुळं.

हिशोब सोपा आहे. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे नुसत्या उंचीनं पाच-सहा अंश कमी होतात. उरलेला फरक पश्चिमेकडून दऱ्यांतून वर येणारा समुद्री वारा आणि दाट झाडी भरून काढते. त्यामुळं सोलापूर ४२ वर असताना तिथं दुपार तिशीच्या आसपास असते आणि रात्री अंगावर शाल घ्यावी लागते. तापोळ्याचं पाणी, म्हणजे शिवसागर जलाशय, मात्र साडेसहाशे-सातशे मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा बरंच खाली. ‘शिवसागर जलाशयाच्या काठी निवांत राहू’ म्हणून मेमध्ये तापोळ्याला मुक्काम ठोकणारे दुपारी घामाघूम होतात. मुक्काम वर आणि पाणी सकाळी, अशी आखणी केली तर ही सहल जमते.

जायचा सरळ रस्ता असा: सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, पिलीव, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा आणि तिथून मेढामार्गे केळघर घाट चढून महाबळेश्वर. सोलापूर-पंढरपूर सुमारे ७२ किलोमीटर, पंढरपूर-सातारा १४० च्या आसपास आणि साताऱ्याहून वर ५५ ते ६०. थांबे धरून सहा-सात तास लागतात. दुसरा पर्याय पंढरपूरहून पालखी महामार्गानं माळशिरस, नातेपुते, फलटण आणि पुढं वाठार स्टेशनवरून वाई, मग पसरणी घाटानं पाचगणी. फलटणपर्यंतचा रस्ता रुंद आणि वेगाचा आहे. शनिवार-रविवारी मात्र पुण्या-मुंबईच्या गाड्या वाईतूनच वर चढतात, त्यामुळं पसरणी घाटात आणि पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात तास-दीड तास सहज जातो. केळघर घाट अरुंद आणि वळणांचा असला तरी गर्दी कमी असते. जाताना केळघर, येताना पाचगणी-वाई असं केलं तर दोन्ही बाजू बघून होतात.

निघायची वेळ पहाटे साडेचार. पंढरपूर ते दहिवडी हा माणदेशाचा टापू उघडा आणि कोरडा आहे, तो ऊन चढायच्या आत मागं टाकायचा. शिवाय रस्ता पश्चिमेकडं जातो, त्यामुळं सकाळचा सूर्य पाठीशी राहतो आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. परत येताना संध्याकाळी हाच फायदा उलट दिशेनं मिळतो. गोंदवल्याला आठच्या सुमारास पोचता येतं. गोंदवलेकर महाराजांच्या समाधी मंदिराच्या आवारात सावली, स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा थांबा चुकवू नये.

गाडीची तयारी आदल्या दिवशीच उरकायची. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून दोन पॉइंट कमीच ठेव’ हा सल्ला बरेच जण देतात, आणि तो धोक्याचा आहे. कमी हवेचं टायर जास्त दबतं, बाजूची भिंत सारखी वाकते, त्यानं ते आणखी तापतं आणि भर रस्त्यात फुटतं. तापलेल्या टायरमधली हवा मध्येच सोडूही नये. पाच वर्षांपुढचं किंवा बाजूला बारीक चिरा पडलेलं टायर या प्रवासाला नको. स्टेपनीतली हवाही बघा, ती हमखास राहून जाते. कूलंट टाकीवरच्या खुणांच्या मध्ये हवं. घाटात तापमानाचा काटा चढायला लागला तर आधी एसी बंद करा. तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबानं तोंडावर येतं. सीएनजीवाल्यांनी साताऱ्यात टाकी भरून घ्यावी, वर मिळेल या भरवशावर राहू नये.

डब्याच्या बाबतीत सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गूळ हे त्रिकूट गाडीतल्या उन्हात बिघडत नाही. दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि बटाट्याची भाजी दुपारपर्यंत आंबते, ती घेतलीच तर सकाळी नऊच्या आत संपवा. ताक थर्मासमध्ये न्या. पाणी माणशी तीन लिटर धरा. ओआरएसची पाकिटं न्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवा. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ढवळून लहान मुलाला दिलं तर क्षार जास्त होऊन त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणाला ग्लानी आली, बोलणं असंबद्ध झालं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तोंडात काही घालण्याच्या खटपटीत पडू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

एसटीनं जाणाऱ्यांनी सोलापूरहून सातारा गाठावं आणि तिथं महाबळेश्वरची गाडी धरावी. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला उतरून स्वारगेटहून वर जाणं लांबचं पडतं, पण निम्मा प्रवास रेल्वेत होतो. गुडघेदुखीवाल्यांना हेच सोयीचं.

खोली घेताना एसीचे पैसे भरण्याऐवजी तीन प्रश्न विचारा. खोली पत्र्याखाली आहे का? असेल तर दुपारी तापते. समोरासमोर खिडक्या आहेत का? आणि पाणी किती वाजता येतं? वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या डोंगरावरही मेमध्ये पाण्याची ओढाताण असते, कारण जांभ्या दगडाच्या पठारावर पाणी ठरत नाही, ते दऱ्यांत निघून जातं. सोमवार ते गुरुवार गेलात तर खोलीही स्वस्त पडते आणि रस्ताही मोकळा मिळतो. गावात शिरताना नाक्यावर प्रवासी कर घेतात, ती पावती परतेपर्यंत सांभाळा.

पोचलेल्या दिवशी फार काही करू नका. दुपारी झोप आणि संध्याकाळी वेण्णा तलाव एवढं पुरे. हा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला. संध्याकाळी बोटीच्या रांगा लांब असतात, म्हणून तेव्हा नुसतं काठानं फिरावं आणि नौकाविहार दुसऱ्या कुठल्यातरी सकाळी, तिकीटखिडकी उघडताच करावा. वल्ह्याची बोट पायडलच्या बोटीपेक्षा बरी, वारा सुटला की पायडलवाले दमून मध्येच अडकतात.

तापोळ्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा आणि सातच्या आत महाबळेश्वर सोडा. अंतर २५-२८ किलोमीटरच आहे, पण एवढ्यात रस्ता सहाशे-सातशे मीटर खाली उतरतो. उतारावर दुसरा गिअर ठेवा, ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड. ब्रेकवर सतत पाय राहिला तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तिथं थांबत नाही. वास आला तर थांबा, अर्धा तास जाऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना निघताना दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा बिस्किट द्या आणि समोरचा रस्ता दिसेल असं बसवा.

तापोळ्याचा शिवसागर जलाशय म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा, धरणामागं साठलेलं पाणी. कोयना आणि सोळशी नद्यांचं पाणी तापोळ्याजवळ एकत्र येतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळं रस्त्यापासून बोटीपर्यंत बराच उतार पायी उतरावा लागतो. इथं जमिनीचा रंग बघून चाला. वरचा पट्टा फिकट, भेगाळलेला असतो, त्याची ढेकळं पायाखाली कडकड मोडतात पण वजन पेलतात. पाण्यालगतचा हात-दोन हातांचा पट्टा गडद आणि चकाकणारा दिसतो, वरून साय धरल्यासारखा. त्यावर पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत जातो, चप्पल खालीच राहते आणि ओढून काढताना माणूस तोंडावर पडतो. बोटवाले टाकतात त्या फळीवरूनच चढा, मुलांचा हात धरा. मागं पट्टा असलेले सँडल घाला. पोहायला उतरण्याचा मोह तर अजिबात नको: बुडालेल्या शेतांचे बांध आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली आहेत, आणि एका पावलावर गुडघाभर, दुसऱ्यावर डोक्याच्या वर पाणी असू शकतं.

भाडं माणशी नाही, बोटीला असतं, म्हणून दोन कुटुंबांनी मिळून बोट घेतली तर परवडतं. कुठल्या जागा दाखवणार, किती वेळ थांबणार हे बसण्याआधी ठरवून घ्या. लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं मागा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून तोंडावर येतं आणि मूल खालून निसटतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर बांधाच. दहानंतर वारा वाढतो आणि लाटा उठतात, तोवर परत काठाला या. वासोटा किल्ला इथूनही बोटीनं गाठता येतो, पण मेमधली ती चढण सोलापूरच्या माणसालाही जड जाते, तो थंडीसाठी ठेवा. मोबाइलला रेंज अधूनमधूनच असते, रोख पैसे जवळ ठेवा आणि जेवायची ऑर्डर बोटीत बसण्याआधीच देऊन ठेवा.

थंड हवा उन्हाबद्दल फसवते. अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, शिवाय पाण्यावरून ऊन उसळून खालून चेहऱ्यावर येतं. घाम येत नाही, म्हणून टोपी काढली जाते आणि संध्याकाळी मुलांची नाकं सोललेली असतात. डोक्यावर टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मानेवर उपरणं, एवढ्यानं काम भागतं.

पुढच्या सकाळी आर्थर सीट हा दरीकाठचा पॉइंट आणि वाटेत क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुन्या मंदिरांचं गाव. आधी आर्थर सीट, कारण मेमध्ये नवानंतर सावित्रीची दरी धुरकट होते. माकडांपासून पिशव्या जपा. परतताना पंचगंगा मंदिर करा, दुपारी अनवाणी पायांना तिथला दगड चटका देतो. इथं कृष्णेचा उगम मानतात. सोलापूरच्या दारातून जाणारी भीमा पुढं कर्नाटकात रायचूरकडं याच कृष्णेला मिळते, हे मुलांना तिथंच सांगावं. नकाशातली रेघ त्यांना मग खरी वाटते.

बारा ते चार हे तास कुठं घालवायचे हा खरा प्रश्न असतो. बाजारात भटकण्यापेक्षा भिलारला जा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून जवळच असलेलं हे पुस्तकांचं गाव मे २०१७ मध्ये सुरू झालं. गावातल्या घरांत विषयवार मराठी पुस्तकं मांडली आहेत. ओसरीवर बसून हवं ते वाचायचं, त्याचे पैसे लागत नाहीत. काही घरांत राहायची आणि जेवायची सोयही होते, आधी फोन करून सांगावं लागतं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना तर या डोंगरावर दुपारसाठी याहून चांगली जागा नाही. स्ट्रॉबेरीचा हंगाम एप्रिलमध्ये ओसरतो, त्यामुळं मेमध्ये शेतात जाऊन फळं तोडायची आशा धरू नका. तेव्हा करवंदं आणि जांभळं घ्यावीत.

एक दिवस हाताशी असेल तर परतीला साताऱ्यात मुक्काम करून यवतेश्वर घाटानं फुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कास पठारावर जा. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच असतात, मेमध्ये पठार उघडं आणि तांबडं दिसतं. पण पठाराच्या पुढं, झाडीत दडलेला कास तलाव उंचावर आहे, म्हणून तिथं दुपारीही गार वाटतं. साताऱ्याला पिण्याचं पाणी याच तलावातून जातं, तेव्हा त्यात पाय घालू नका, भांडी धुऊ नका आणि कचरा परत गाडीत टाका.

परतीला साताऱ्याहून चारच्या आधी निघू नका. माणदेश उतरत्या उन्हात पार होतो आणि रात्री दहा-साडेदहापर्यंत सोलापूर गाठता येतं. मेच्या उत्तरार्धात मात्र नेमक्या याच वेळी वळीव येतो. दहिवडी-म्हसवड पट्ट्यात पश्चिमेला काळं भरून आलं, धुळीचा लोट उठला, तर गाडी झाडापासून आणि जाहिरातीच्या फलकांपासून लांब, रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि काचा लावून आतच बसा. दुचाकीवाल्यांनी झाडाखाली आसरा न घेता पक्क्या छताचं दुकान किंवा पेट्रोल पंप गाठावा. पाऊस थांबल्यावर पहिला अर्धा तास रस्त्यावर तेल आणि धुळीचा निसरडा थर असतो, त्यात वेग चाळीसच्या वर नेऊ नका.